बारा खुर्च्या आणि तीन वाट्या: सॅन फ्रान्सिस्कोतलं फिलिपिनो-जपानी जेवण

कोकमसरबत

'आज बाहेर काय खाल्लं' या धाग्यावर मी फिलिपिनो-जपानी जेवणाचा नुसता उल्लेख केला तर चौकशांची रांगच लागली. तो धागा आधीच वाहून चाललाय, म्हणून हे वेगळं लिहितोय. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. जाहिरात वाटायला नको आणि जागाही एवढीशी आहे की इथल्या दहा जणांनी एकदम फोन केला तर त्यांची पंचाईत होईल. हवं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दोन स्वयंपाकी मिळून चालवतात. ती जवळच्या व्हॅलेहोत वाढलेली फिलिपिनो, तो सॅन होजेच्या जपानटाऊनमधल्या जपानी घरातला. दोघं आधी एकाच किचनमध्ये राबले, मग हे काढलं. इंग्रजी 'एल'च्या आकाराचा लाकडी ओटा, त्याभोवती बारा खुर्च्या, ओट्यापलीकडे हे दोघं आणि ग्लास भरायला-विसळायला एक मुलगा. संध्याकाळी साडेपाचची एक पंगत, सव्वाआठची दुसरी. मेनूकार्ड आधी मिळत नाही. काय येतंय ते समोर आल्यावरच कळतं. पैसे मात्र बुकिंगच्या वेळीच.

मला भीती होती ती 'फ्यूजन'ची. सुशीवर आंबा ठेवायचा, वर जांभळा उबे, म्हणजे कोनफळ, भुरभुरायचा आणि दोन देश जोडले म्हणायचं, असलं काही निघालं असतं तर मी हा धागा काढलाच नसता.

पहिलं आलं किनिलाव. कच्चा मासा व्हिनेगरमध्ये, फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरचा जुना पदार्थ. तिने हमाची या माशाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आमच्यासमोर कापले. सुरी आणि कापण्याची तऱ्हा अस्सल जपानी, एकही फाटका काप नाही. उथळ बशीत मांडले, वर किसलेलं आलं, लाल कांद्याच्या पातळ चकत्या, आणि मग छोट्या झारीतून नारळाच्या माडीचं व्हिनेगर प्रत्येकाच्या बशीत वेगवेगळं ओतलं. तुकड्यांच्या कडा आमच्या देखत दुधाळ होत गेल्या, मधला भाग गुलाबीच राहिला. त्यावर चमचाभर नारळाचं दाट दूध आणि कालामान्सी या छोट्या फिलिपिनो लिंबाचे चार थेंब. "आत्ता लगेच खा," म्हणाली, "थोड्या वेळाने हा वेगळाच पदार्थ होतो." बोलता बोलता मी शेवटचा तुकडा मागे ठेवला होता, तो खरंच वेगळा लागला. बाहेरून शिजल्यासारखा घट्ट, आणि आंबटपणा पार आत उतरलेला. साशिमीत, म्हणजे जपानी कच्च्या माशाच्या कापांत, मासा जसा आहे तसाच राहावा अशी धडपड असते, किनिलावमध्ये तो डोळ्यांदेखत बदलतो. दोन्ही एका बशीत, आणि फरक फक्त किती वेळ थांबलात त्याचा.

दुसरं चावानमुशी, म्हणजे जपानी अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड, बिनगोडाचं. एक भाग अंडं, तीन भाग दाशी. दाशी म्हणजे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचं पाणी. त्यावर सिनिगांग ओतलेलं. सिनिगांग ही फिलिपिनो घराघरांतली चिंचेची आंबट आमटी: टोमॅटो, मुळा, पालेभाजी, कोळंबी किंवा डुकराचं मटण. चिंच अंड्यातच का नाही घातली, असं मी विचारलं. तो म्हणाला, आंबट पडलं की अंडं लवकर आणि दाणेदार धरतं, गुळगुळीतपणा जातो. म्हणून कस्टर्ड आधी मंद वाफेवर जमवायचं आणि आमटी वरून. चमचा खालपर्यंत घातला की तोंडात आधी चिंच येते, मागून दाशी. माझ्या मते अख्ख्या जेवणातला सगळ्यात विचारपूर्वक केलेला पदार्थ हाच.

तिसरं आदोबो. कोंबडीच्या मांडीचे तुकडे काडीला लावून बिंचोतान कोळशावर, याकितोरी या जपानी कबाबांसारखे, आणि पुन्हा पुन्हा बुडवायला नेहमीच्या गोडसर सोयाच्या तारे सॉसऐवजी आदोबोचा रस्सा आटवलेला: व्हिनेगर, सोया, लसूण, तमालपत्र, अख्खे मिरे. चांगलं होतं, पण याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धूर आणि गोडसर सोया कुठेही छानच लागतात.

मग जे आलं त्यासाठीच खरं तर हा धागा. लेचोन कावाली, म्हणजे उकडून, सुकवून, मग तळलेलं डुकराच्या पोटाकडचं मांस, कुरकुरीत सालीसकट. प्रत्येकापुढे चारच तुकडे. आणि तीन वाट्या. एकीत लसूण-मिरचीचं व्हिनेगर, दुसरीत सोया आणि कालामान्सी, तिसरीत बागूंग, आंबवलेल्या कोळंबीची खारट लगदी. सोबत चौथी रिकामी वाटी. "तुमचं तुम्ही जमवा," एवढंच म्हणून दोघं मागे वळले.

फिलिपिनो टेबलावर हे रोजचं आहे. याला सावसावान म्हणतात. करणाऱ्याने पदार्थ शिजवायचा, पण चव पुरी करायची जेवणाऱ्याने. कुणी व्हिनेगर जास्त घेईल, कुणी मिरची चुरडेल, त्यावर स्वयंपाकी रुसत नाही. जपानी ओमाकासेची रीत बरोबर याच्या उलट. तिथे तुम्ही स्वतःला स्वयंपाक्याच्या हवाली करता. सुशीला सोया किती लावायचा हेही तोच ठरवतो, तोच ब्रशने फिरवून देतो. म्हणजे या दोन देशांच्या जेवणातलं खरं भांडण मासा की डुक्कर हे नाहीच. शेवटचा हात कुणाचा, हे आहे. एवढा वेळ सगळं त्यांच्या मर्जीने खाल्लेलं, आणि अचानक वाटी आमच्या हातात. ओट्यावरचे बारा जण एकमेकांच्या वाट्यांत डोकवायला लागले. शेजारच्या अनोळखी बाईंनी मला माझ्यात बागूंग कमी आहे असं ठणकावून सांगितलं. बरोबर होत्या त्या.

माझी तक्रार एकच. अशी मोकळीक एकाच पदार्थापुरती होती. किनिलाव आणि भातालाही वाट्या ठेवल्या असत्या तर चाललं असतं.

आणि भात! तो आला थेट शेवटी. जपानी रीत तशीच, भात-लोणचं-मिसो सूप सगळ्यात शेवटी. पण फिलिपिनो माणूस भाताशिवाय बाकी कशाला जेवण म्हणतच नाही. सिनिगांगचा रस्सा समोर आणि भात नाही, हे मला जरा जड गेलं, तुम्हालाही जाईल. आला तेव्हा मात्र दोनाबे या मातीच्या भांड्यातून आला, सिनान्गाग म्हणजे लसणीवर परतलेला भात, वर खेकड्याच्या लाखेचा, म्हणजे गाभोळीचा, पिवळाधमक थर. झाकण काढल्यावर लसणीचा वास पार रस्त्यापर्यंत गेला असेल. तळाची खरपूड तिने उलथन्याने खरवडून सगळ्यांना वाटून दिली.

गोडात हालो-हालो. बर्फाचा भुगा जपानी काकिगोरीसारखा अगदी हलका, खाली गोड केलेले लाल चवळीसारखे दाणे, नारळाची जेली, फणस, लेचे फ्लान म्हणजे कॅरमल कस्टर्डचा तुकडा, उबेचं आइस्क्रीम. शेवटी सालाबात, आलं आणि गुळट साखरेचा काढा, ना चहा ना दूध. घसा साफ.

एवढंच. फोटो काढले नाहीत, मागू नका.

हिशेबनीस

वर्णन झकास. आता मुद्द्याचं बोला, बिल किती?

कोकमसरबत

@हिशेबनीस, वाट बघत होतो तुमची. माणशी १२५ डॉलर. त्यावर २० टक्के सेवाशुल्क, म्हणजे १५०. सक्तीच्या सेवाशुल्कावरही इथे सेल्स टॅक्स लागतो, तो सॅन फ्रान्सिस्कोत ८.६२५ टक्के, म्हणजे १६२ डॉलर ९४ सेंट. दोघांचे ३२५.८८. वेगळी टिप नाही. साकेचा (जपानी तांदळाच्या दारूचा) एक ग्लास घेतला तो वेगळा.

हिशेबनीस

सव्वातीनशे डॉलरमध्ये चार तुकडे डुक्कर! आमच्याकडे एवढ्यात अख्खी सोसायटी जेवली असती आणि वर आइस्क्रीम. पोट भरलं का ते तरी सांगा. घरी येऊन दहीभात खाल्लात ना? खरं सांगा.

कोकमसरबत

नाही खाल्ला. शेवटच्या भाताने भरलं पोट. पण तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यांच्या बाजूने थोडं. बारा खुर्च्या, दोन पंगती, म्हणजे एका रात्रीत जास्तीत जास्त चोवीस माणसं. एका पंगतीला दोघं आलेच नाहीत की त्या पंगतीचा सहावा हिस्सा बुडाला, आणि मासा तर आणलेला असतो. म्हणून पैसे आधी. मोठ्या हॉटेलात दोन माणसं न आल्याचा कुणाला पत्ताही लागत नाही. हे कमी आहे असं म्हणत नाही. वर्षातून एखाद्या वेळचंच हे काम.

उपासाची_भगर

शाकाहारींचं काय? सासू-सासरे येणार आहेत जूनमध्ये. त्यांना काहीतरी वेगळं दाखवावं असं डोक्यात आहे.

कोकमसरबत

@उपासाची_भगर, प्रामाणिक सल्ला: त्यांना इथे नेऊ नका. मांस काढता येतं, पण दाशीत मासा आहे, फिलिपिनो बाजूला पातिस म्हणजे माशाचं पाणी आणि बागूंग म्हणजे कोळंबी. अगदी पालेभाजीतही. लाइंग ही नारळाच्या दुधातली अळूची भाजी, ऐकून आपण खूश होतो, पण त्यातही बहुतेक वेळा सुकी मासळी किंवा सुकट पडतेच. एवढ्याशा किचनमध्ये वेगळी भांडी, वेगळी दाशी कुठून ठेवणार? त्यांच्या बुकिंगच्या पानावरच स्पष्ट लिहिलंय की शाकाहारी जमणार नाही. मला ते आवडलं. हो हो म्हणून आत घ्यायचं आणि उकडलेला मुळा पुढे ठेवायचा, त्यापेक्षा हे बरं.

क्योतोत_पाऊस

@उपासाची_भगर, सासू-सासऱ्यांना जपानीच द्यायचं असेल तर शोजिन र्योरी शोधा. बौद्ध मठांतलं जेवण. दाशी कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची, मासा अजिबात नाही. परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे चातुर्मासवाल्यांनाही चालेल. तुमच्याकडे कुठे मिळतं ते मला माहीत नाही, इकडे क्योतोत देवळांच्या आवारात मिळतं.

मूळ लेखाबद्दल: लेख छान, पण एक दुरुस्ती. जपानी जेवण म्हणजे सगळं दाशी आणि आंबट सगळं फिलिपिनो, असा समज होतोय वाचताना. नानबानझुके खाऊन बघा. तळलेली छोटी मासळी, कांदा आणि मिरची घातलेल्या व्हिनेगरमध्ये मुरवलेली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले त्यांच्या एस्काबेचे या व्हिनेगरमधल्या माशावरून आलेला पदार्थ. फिलिपिन्समध्ये तोच एस्काबेचे स्पॅनिशांकडून गेला, तिथे त्यात गूळ-साखर पडून तो आंबटगोड झाला. म्हणजे ही दोन स्वयंपाकघरं तिसऱ्याच्या मार्फत आधीपासून ओळखीची आहेत.

आणि हालो-हालो तर सरळसरळ आमच्याकडचं आहे (मी पुण्याची, पण आता 'आमच्याकडचं' म्हणायची सवय झालीय). दुसऱ्या महायुद्धाआधी मनिलात जपानी दुकानदार बर्फाच्या भुग्यावर साखरेत शिजवलेले मूग किंवा लाल दाणे घालून विकायचे. फिलिपिनो इतिहासकार अंबेथ ओकाम्पो यांनी हालो-हालोचा उगम तिथेच लावलाय. मनिलात अमेरिकनांनी १९०२ साली बर्फाचा मोठा कारखाना उभा केला, त्यामुळे बर्फ हाताशी आलेला. जपानी धंदा, अमेरिकन बर्फ, आणि पुढे फिलिपिनो हाताने त्यात फणस, उबे, फ्लान सगळं ओतलं. काकिगोरीत एवढी गर्दी कुणी करणार नाही.

कोकमसरबत

@क्योतोत_पाऊस, नानबानझुकेचं सांगितलंत ते उत्तम झालं. हालो-हालो त्याने केलं होतं, तिने नाही. आता त्याचा अर्थ लागला.

मडगांवकर

माडीच्या व्हिनेगरचा उल्लेख वाचून धावत आलो. आमच्या गोव्यात हे घरचं. माडाची सूर उतरवायची, मडक्यात आंबू द्यायची, महिना-दीड महिन्यात विनेगर तयार. विंदालू काय, सोरपोतेल काय, या विनेगराशिवाय होणारच नाही. बाजारचं पांढरं सिंथेटिक घालतात त्यांना दुरून नमस्कार.

फिलिपिन्सला मी जहाजावर असताना गेलोय. सेबूच्या बाजारात एका म्हातारीने दिनुगुआन वाढलं. डुकराचं रक्त, व्हिनेगर, मिरची. मी म्हटलं हे तर आमचं सोरपोतेल! फक्त मसाला आमचा जास्त. कामियास म्हणतात ते फळही आमचंच, बिंबलं. आम्ही मासळीच्या हुमणात घालतो, ते सिनिगांगमध्ये. त्यांची लांबानोग म्हणजे माडाची फेणी. जहाजावरचे फिलिपिनो दोस्त आमच्या घरी आले तर आईला वेगळं काही करावं लागत नाही.

एक गंमत. ही माडीची विद्या स्पॅनिश गलबतांबरोबर मनिलाहून मेक्सिकोला गेली. मनिला-अकापुल्को व्यापार १५६५ ते १८१५ असा अडीचशे वर्षं चालला. मेक्सिकोत कोलिमा नावाचं राज्य आहे, तिथे आजही माडीला 'तुबा'च म्हणतात, फिलिपिनोंसारखं, आणि रस्त्यावर विकतात.

नागपुरी_ठेचा

सगळं आंबट आंबट ऐकून दात शिवशिवले. तिखट काही आहे का नाही या लोकांकडे?

मडगांवकर

बिकोलला जा. लुझोन बेटाचा दक्षिणेकडचा भाग. नारळाचं दूध आणि सिलिंग लाबुयो, इवलीशी मिरची पण कानातून धूर. ठेचावाल्यांची जिरवेल.

नागपुरी_ठेचा

आव्हान स्वीकारलं आहे.

शेंगदाणा

माझ्या आयडीला जागून विचारते, दाण्याचं कूट घालून काहीतरी करतात ना हे? ऑफिसात एका फिलिपिनो सहकाऱ्याने डब्यात आणलं होतं. वास घेतला आणि वाटलं, अरेच्चा, ही तर आपली दाण्याची आमटी.

कोकमसरबत

@शेंगदाणा, ते कारे-कारे. बैलाची शेपटी, केळफूल, वांगी, चवळीच्या शेंगा, रस्सा दाणे आणि भाजलेल्या तांदळाच्या पिठाने दाट केलेला, रंग अन्नाटो या शेंदरी बियांचा. मुद्दाम मीठ कमी ठेवतात, कारण बाजूला बागूंग असतंच. म्हणजे पुन्हा तेच, खारटपणा जेवणाऱ्याच्या हातात. आमच्या जेवणात नव्हतं ते, ऋतूप्रमाणे बदलतात म्हणे. उपासाची आमटी समजून खाऊ नका मात्र.

डेलीसिटीकर

हा धागा आला आणि मी गप्प बसलो तर आयडी बदलावा लागेल. सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या आमच्या डेली सिटीत साधारण दर तिसरा माणूस फिलिपिनो. जॉलीबी या फिलिपिनो फास्टफूड साखळीने अमेरिकेतलं पहिलं दुकान १९९८ साली इथेच टाकलं. इतकी वर्षं राहून मला वाटतं की सव्वाशे डॉलरच्या ओट्याआधी आमच्या तुरो-तुरोत या. काचेमागे पंधरा-वीस भरलेल्या परातींची रांग, बोट दाखवायचं, बाई भात आणि दोन भाज्या वाढते, पंधरा डॉलरच्या आत ढेकर. सावसावानच्या बाटल्या टेबलावर कायमच्या. कोकमसरबत म्हणतात ते 'शेवटचा हात जेवणाऱ्याचा' तिथे रोज, दिवसभर, फुकट आहे. त्यासाठी आधी पैसे भरून खुर्ची धरावी लागत नाही. माझा आक्षेप एवढाच की गरिबांची सवय ओट्यावर आली की तिचं तत्त्वज्ञान होतं.

आता दुसरी बाजू. इथल्या मातीत फिलिपिनो आणि जपानी एकत्र येणं मला फ्यूजन वाटत नाही, शेजार वाटतो. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर आधी जपानी मजूर होते. १९२४च्या कायद्याने जपानी स्थलांतर बंद झालं, तेव्हा मळेवाल्यांनी फिलिपिनो आणले, कारण फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात, त्यांना अडवता येत नव्हतं. १९३४ साली तेही वर्षाला पन्नासवर आणलं. स्टॉकटनमध्ये लिटल मनिला आणि जपानटाऊन एकमेकांना खेटून होती. मग १९४२. इकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना उचलून छावण्यांत टाकलं, सुमारे सव्वा लाख माणसं. आणि तिकडे त्याच वर्षी जपानी फौज मनिलात. १९४५च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या मनिलाच्या लढाईत लाखभर सामान्य माणसं मेली.

माझ्या शेजारच्या फिलिपिनो आजी, नव्वदीच्या पुढच्या, गेल्या आता. नातवाने एकदा सुशी आणली तेव्हा उठून आत गेल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नातू पुढे जपानी मुलीशीच लग्न करून मोकळा झाला आणि लग्नात आजी पोटभर जेवल्या, सुशीसकट. त्यामुळे व्हॅलेहोची मुलगी आणि सॅन होजेचा मुलगा एका ओट्यामागे उभे राहतात, याला माझ्या लेखी किंमत आहे. पण जेवायला मी तुरो-तुरोलाच जाणार.

कोकमसरबत

@डेलीसिटीकर, प्रतिसाद आवडला, पण 'तत्त्वज्ञान' पूर्ण पटलं नाही. तुरो-तुरोत बाटल्या आहेत म्हणून त्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही. मी स्वतः कितीदा तुमच्या भागात जेवलोय, व्हिनेगर ओतलंय आणि विसरलोय. एवढं सगळं दुसऱ्याच्या मर्जीने खाल्ल्यावर वाटी हातात आली तेव्हा मला तिचं वजन कळलं. ओमाकासे नसतं तर सावसावान दिसलं नसतं. आणि त्या व्हॅलेहोच्या मुलीच्या आईने कधी 'मी सांगते तेवढंच घाल' म्हटलं असेल असं वाटत नाही, तेव्हा हे तिच्या घरातूनच आलंय, गरिबी विकायला काढलेली नाही.

डेलीसिटीकर

मान्य अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठी एका शनिवारी तुरो-तुरोत भेटू. बिल माझं, तुम्हाला परवडेल.

हिशेबनीस

शनिवारी मीही. बिल त्यांचं आहे म्हणून नव्हे, धाग्याच्या हितासाठी.

पावसाळी_बेडूक

उशिरा आलो. लहान मुलं नेता येतात का? आमची सहा वर्षांची मासे खाते, किनिलावही खाईल कदाचित.

कोकमसरबत

@पावसाळी_बेडूक, त्यांचा नियम दहा वर्षांपुढचा आहे. आणि नसता तरी मी नेलं नसतं. अडीच तास उंच स्टुलावर बसायचं, समोर कोळशाची शेगडी, मोठेही चुळबुळतात. तिला डेलीसिटीकरांच्या हवाली करा.

क्योतोत_पाऊस

साके कोणती होती? सिनिगांगबरोबर काय दिलं हे कळायला हवं. चिंचेबरोबर सुगंधी गिन्जो साके दिली तर वाया जाते असा माझा अनुभव.

कोकमसरबत

गिन्जो नव्हती. यामाहाई या जुन्या पद्धतीने केलेली जुन्माई (नुसत्या तांदळाची साके), कोमट करून. तो म्हणाला, तिच्यात लॅक्टिक आम्ल जास्त उतरतं, म्हणून ती आंबटाशी भांडत नाही. मला दारूतलं कळतं बेताचंच, पण चिंचेवर तो घोट चांगला बसला. कालामान्सीचं सरबतही मिळतं. ड्रायव्हिंगचं त्रांगडं असेल त्यांनी तेच घ्या, साकेपेक्षा मला तेच जास्त आवडलं.

मडगांवकर

आयडीच कोकमसरबत, मग काय आवडणार.

उपासाची_भगर

सासू-सासऱ्यांचा बेत बदलला. त्यांना डेली सिटीत सुमान आणि तुरोन खायला नेते. केळीच्या पानातला नारळाच्या दुधातला भात आणि तळलेली केळ्याची गुंडाळी, दोन्ही शाकाहारी, असं कळलंय. बरोबर ना?

डेलीसिटीकर

बरोबर. फक्त तुरोन कुठल्या तेलात तळलंय ते विचारा. लुंपियाच्या (मांसाच्या गुंडाळीच्या) कढईतच तळत असतील तर पुढच्या दुकानात जा, शेजारीच आहे. आणि पुतो (वाफवलेला तांदळाचा केक) घेणार असाल तर त्यात अंडं असतं बऱ्याचदा, वर चीजही. बिको घ्या त्याऐवजी, चिकट तांदूळ, नारळाचं दूध, काळपट गूळ. सासूबाई कृती विचारतील.